घोडे बांधायची कडी

मला राग लवकर येतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खोटं आहे. मला राग वेळेवर येतो. बाकीच्यांना तो घरी गेल्यावर, चपला काढून पाय धुतल्यावर येतो, आणि तोवर ज्याच्यावर काढायचा तो माणूस आपल्या घरी जेवून झोपलेला असतो. त्या रविवारी निसर्ग-संग्रहालयात मी जो आरडाओरडा केला त्याबद्दल नंतर ऑफिसात मला बऱ्याच जणांनी प्रेमाने समजावलं. त्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आता लिहूनही ठेवते, की ओरडल्याचं मला वाईट वाटत नाही. कमी ओरडले याचं वाटतं.

ज्या झाडापायी हे झालं ते झाड आधी सांगायला हवं.

आमची वस्ती बिबवेवाडीतली. आज तिथे दुकानाला दुकान लागून आहे, पण आप्पांच्या तरुणपणी तिथे रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे. आप्पा म्हणजे माझे वडील. तारखात्यात नोकरीला होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आलेल्या माणसांपैकी ते एक, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. पुढच्याच पावसाळ्यात त्यांनी वस्तीच्या तोंडाशी पिंपळाचं रोप लावलं. बोधिवृक्ष म्हणून लावलं, आणि नोकरीवर जाता-येता त्याला पाणी घातलं. रोपाचं झाड झालं, तशा पलीकडच्या आळीतल्या बायका शनिवारी येऊन त्याला दिवा लावायला आणि प्रदक्षिणा घालायला लागल्या. आईला त्याची मोठी गंमत वाटायची. पाणी आम्ही घालायचं आणि पुण्य यांनी न्यायचं, आयत्या बिळावर नागोबा, असं म्हणायची, आणि त्याच बायकांना उन्हाचं घरात बोलावून चहाही द्यायची.

मी झाले तेव्हा आमचं घर पत्र्याचं होतं. आढ्याला एक लोखंडी कडी होती, आप्पांनी जुन्या बाजारातून आणलेली. तिला माझा पाळणा टांगायचे. कडी कुरकुरली की मी उठायचे, आणि मी उठले की सगळी वस्ती उठायची. आवाज तेव्हापासूनच होता. म्हणून आप्पांनी कुठूनसा तांब्याच्या तारेचा तुकडा आणला आणि कडीला वेढे दिले. तारखात्यातला माणूस, वेढे एकाला एक असे लागून की मध्ये नख जाऊ नये. कुरकुर थांबली. पुढे मी पाळण्यातून उतरून चालायला लागले, तेव्हा ती कडी काढून आप्पांनी पिंपळाच्या खोडात ठोकली. एप्रिलमधल्या जयंतीला निळा झेंडा आणि बुधवार पेठेतून आणलेल्या दिव्यांच्या माळा बांधायला काहीतरी आधार हवा होता. आई चिडली होती, बोधिवृक्षाला कोणी खिळा मारतं का म्हणून. आप्पा म्हणाले, झाडाला विचारून मारलाय.

झाडाने सावकाश ती कडी गिळली. आधी दांडा आत गेला, मग अर्धी कडी गेली. मी शाळा संपवली तेव्हा बाहेरून फक्त सालीवर एक गाठ दिसायची, आप्पांच्या छातीच्या उंचीला. आई म्हणायची, हिच्या पाळण्याची कडी झाडाच्या पोटात आहे, ही पोरगी काही कुठे जायची नाही. झालंही तसंच. माझा नवरा ऑनसाइट म्हणून अमेरिकेला गेला, त्याच्याबरोबर अर्धी कंपनी गेली, मी मात्र आप्पांना आणि माझ्या लहान मुलीला घेऊन बिबवेवाडीतच राहिले. आई वारली तेव्हा पुण्यानुमोदनाला माणसं त्याच पिंपळाखाली बसली होती. दुसरी जागाच नव्हती एवढ्या माणसांना.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. त्या वर्षांत पुण्याला एकाएकी सगळीकडे लवकर पोचायचं होतं. पूर्वी सायकलवर घाम पुसत निवांत जाणारं हे गाव, आता चारचाकीत बसून हॉर्न वाजवत होतं. पिंपळ बरोबर नव्या रस्त्यात येत होता. ठेकेदाराचा माणूस आला त्या सकाळी आप्पा झाडाखाली खुर्ची टाकून बसले. वस्तीतले लोक जमले. आता भांडण होणार म्हणून मी ऑफिसची बस सोडून दिली होती. पण तो माणूस भांडलाच नाही, तीच तर मेख होती. कमरेला मोबाइल, गोड आवाज. आप्पांच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, झाड तोडत नाही आपण. हलवतोय. मुळासकट उचलून कात्रजच्या पलीकडे लावणार. नवीन टेक्निक आहे."

आप्पा उठले. नुसते उठले नाहीत, त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची बाजूला केली. फांद्या छाटून खोड ट्रेलरवर चढवलं तेव्हा मुळं सुकू नयेत म्हणून आप्पांनी घरातली गोणपाटं ओली करून मुळांना गुंडाळली, आणि ठेकेदाराची माणसं त्यांना तसं करू देत होती. काका, अजून एक गोणपाट आहे का, असंही त्यांच्यातल्या एकाने विचारलं. हे मला आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. खोटं बोललात ते बोललात, गोणपाटं कशाला मागायची?

नक्की कुठे लावलं हे मात्र कोणी सांगेना. त्या ठेकेदाराचा फोन लागायचा बंद झाला. मग आप्पांनी स्वतःच शोधायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी भाकरी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन ते स्वारगेटला जायचे आणि कात्रजच्या पलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचे. शेवटच्या थांब्याला उतरून चहाच्या टपरीवर चौकशी. हलवलेला पिंपळ कुठे दिसला का. तिथली माणसं म्हणायची, "पिपळ व्हय? लई हायत की. तुमचा कंचा?" आमचा कुठला हे आप्पांना माहीत होतं. ज्याच्या फांद्या छाटलेल्या असतील, खोडावर कोवळी फूट आली असेल आणि छातीच्या उंचीला गाठ असेल, तो आमचा. तसे ते प्रत्येक छाटलेल्या पिंपळापाशी जाऊन सालीवरून हात फिरवून यायचे. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे. मी म्हणायचे, आप्पा, बस करा आता. ते म्हणायचे, अगं, पिंपळ आहे तो, भिंतीच्या भेगेत जगतो, याला तर आख्खी टेकडी दिलीय. एकदा बघून येतो, मग नाही जाणार. तुझ्या मुलीला एकदा त्याच्या सावलीत बसवतो, मग मी मोकळा.

मला ते जगलंय असं वाटत होतं का? खरं सांगायचं तर मी त्याचा विचार करत नव्हते. आप्पांना तसं वाटत होतं आणि मला तेवढं पुरत होतं. त्यांनी ते झाड एकदा बघावं, एवढंच मला हवं होतं.

असे दोन उन्हाळे गेले. मग आमच्या कंपनीचा फॅमिली डे आला.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या गोड शब्दांत कळवायच्या. त्यातलं पहिलं मला चांगलं जमायचं. त्या वर्षी कंपनीने निसर्गावर प्रेम करायचं ठरवलं होतं. शहरात नवीन उघडलेल्या एका निसर्ग-संग्रहालयाला देणगी दिली होती आणि म्हणून फॅमिली डे तिथेच. आम्हा सगळ्यांना हिरवे टी-शर्ट वाटले, पाठीवर झाडं वाचवा असं इंग्रजीत लिहिलेले. टी-शर्ट धुतल्यावर रंग जायचा, तो भाग वेगळा. आप्पा एरवी रविवार सोडायला तयार नसायचे, पण माझी मुलगी हट्टाला पेटली. आजोबा आले तरच मी येणार म्हणाली. शेवटी आप्पा म्हणाले, चला, एक रविवार सुट्टी घेऊ. झाड काय कुठे पळून जात नाही.

स्वारगेटवरून कंपनीच्या बसने गेलो. संग्रहालयाच्या दारावर पाटी होती: 'सहकुटुंब या. कुटुंबावर लक्ष ठेवा.' आमच्या गावात स्वागतसुद्धा दम देऊनच करतात, त्यामुळे आप्पा ती वाचून खूश झाले. आत गारेगार एसी. पेंढा भरलेला बिबट्या, त्याची काचेची नजर कुठल्या कुठे. पंप लावून पडणारा धबधबा. बटण दाबलं की कोकीळ, दुसरं दाबलं की मोर. मुलांना बसायला प्लॅस्टिकच्या अळंब्या केलेल्या, लाल, पांढऱ्या ठिपक्यांच्या. माझी मुलगी प्रत्येक बटण दाबून बघत होती आणि आप्पा तिला प्रत्येक पक्ष्याचं मराठी नाव सांगत होते. मजेत होते दोघं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढचं सगळं त्याच दालनाच्या टोकाला झालं.

तिथे एका उतरत्या स्टँडवर झाडाच्या बुंध्याची एक चकती ठेवली होती. चौघं जेवायला बसतील एवढी मोठी, पॉलिश केलेली, चकचकीत. तिच्यावर टाचण्यांना लावलेले कागदी झेंडे टोचले होते. अगदी मधोमध 'पेशवाई'. थोडं बाहेर 'पुण्यात रेल्वे'. मग 'स्वातंत्र्य'. आणि सालीला लागून 'आयटी पार्क'. खाली पाटी: 'प्राचीन पिंपळ. वादळात उन्मळून पडलेला.' आणि त्याखाली सौजन्य म्हणून आमच्या कंपनीचं नाव.

संग्रहालयाची गाइड मुलगी कॉलेजातली असावी. मुलांना गोळा करून ती सांगू लागली, की फ्रेंड्स, हे ट्री इतकं ओल्ड आहे की याने पूर्ण पुण्याची हिस्टरी बघितलीय. मग तिने चकतीच्या एका बाजूला बोट ठेवलं. तिथे लाकडात लोखंडाचं काहीतरी रुतलेलं होतं, करवतीने अर्धं कापलेलं, आणि भोवतीचं लाकूड निळंकाळं पडलेलं. ही लोखंडी कडी आहे, ती म्हणाली. पेशवाईत सरदारांचे घोडे या कडीला बांधायचे. टच करून बघा, इथे टच अलाउड आहे.

मुलं हात लावायला झोंबली. माझी मुलगीही पुढे घुसली, आणि तिथूनच मागे वळून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, तुमच्या झाडात पण कडी होती ना?"

आप्पा हसत पुढे गेले. नातीला दाखवायचं म्हणून त्यांनी कडीवर बोट ठेवलं. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि वाकून बघायला लागले. मी शेजारी जाऊन वाकले. कडीभोवती तार होती. हिरवट पडलेली, पण कापलेल्या टोकाला लाल चमकणारी. तांब्याची तार. वेढे एकाला एक लागून. आप्पांनी दोन वेढ्यांच्या मध्ये नख घालून पाहिलं. ते गेलं नाही.

मी खुळ्यासारखी आधी पाटीच परत वाचली. वादळात उन्मळून पडलेला.

आप्पा सरळ उभे राहिले. त्या गाइड मुलीला म्हणाले, "बाळ, इथे घोडा नव्हता बांधलेला. ही होती." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मुलं हसली. गाइडही हसली, आजोबा किती क्यूट आहेत म्हणाली आणि मुलांना फुलपाखरांकडे न्यायला लागली. तिथे माझा तोल गेला. मी तिला जागीच थांबवलं आणि विचारलं, हे झाड कुठून आणलंत. तिला काय माहीत असणार, ती बिचारी गांगरली. बोलवा ज्याला माहीत असेल त्याला, असं मी म्हणाले, आणि ते जरा मोठ्यानेच म्हणाले असेन, कारण बिबट्यापाशी उभे असलेले लोकसुद्धा आमच्याकडे बघायला लागले.

संचालक आले. पेठेतलं वळण, खादीचा कुडता, आवाज असा की समोरच्याला आपण उगाच ओरडलो असं वाटावं. त्यांनी आधी आम्हाला पाणी विचारलं. मग माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी सांगितलं, की हे झाड माझ्या वडिलांनी लावलेलं आहे, बिबवेवाडीत, छप्पन सालच्या पुढच्या वर्षी. ही कडी माझ्या पाळण्याची आहे. हे झाड वादळात पडलेलं नाही, ते रस्त्यासाठी उचललं आणि कात्रजच्या पलीकडे लावतो म्हणून आम्हाला सांगितलं. ते मान डोलवत होते. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "आपलं म्हणणं मी नाकारत नाही. पण अभ्यासकांचं मत वेगळं आहे. आपल्याकडे काही पुरावा?"

मी म्हटलं, तांब्याची तार बघा ना. माझे वडील तारखात्यात होते. पेशवाईत तारखातं होतं का हो? ते म्हणाले, तार नंतर कोणी गुंडाळली असेल. मी म्हटलं, नंतर? झाडाच्या पोटात शिरून? यावर ते म्हणाले, आपण लेखी निवेदन द्या, आम्ही समितीपुढे ठेवू.

लाकूड आलं कुठून, ते त्यांनी अखेर सांगितलं. एका रस्त्याच्या ठेकेदाराकडून आलं. वादळात पडलेलं आहे आणि एका सरदाराच्या बागेतलं आहे, अशी त्याने दिलेली माहिती. त्याची शहानिशा करायचं कोणाला सुचलं नाही. का सुचेल? सरदाराची बाग म्हटल्यावर मान आपोआप खाली जाते. आम्ही पुरावा द्यायचा, आणि त्याचा शब्द मात्र पाटीवर. पुढे ते जे म्हणाले ते त्यांनी खरोखर चांगल्या मनाने म्हटलं असावं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. ते म्हणाले, "एका अर्थी आपल्या झाडाचा हा सन्मानच झाला की."

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. सन्मान म्हणजे काय, झाड मारायचं, त्याला पॉलिश करायचं, ज्यांनी ते वाढवलं त्यांना पुसून टाकायचं आणि त्याच्या पोटात सरदार घुसवायचा, हा सन्मान का, असं काहीतरी बोलले. आमची सगळी हिस्टरी तुमच्या पेशवाईच्या झेंड्याखाली गेली, असं बोलले. अंगात तोच हिरवा टी-शर्ट होता आणि पाठीवर झाडं वाचवा. आमचा मॅनेजर धावत आला. लहान मुलं घाबरतायत, सीन करू नकोस, काहीही असेल ते मंडेला बोलू, असं कानाशी कुजबुजत होता. देणगी आपल्याच कंपनीची आहे, याची त्याने आठवणही करून दिली. म्हणजे आमच्या झाडाला टेकायला स्टँड माझ्याच कंपनीच्या पैशाचा. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात, ते हेच.

या सगळ्यात आप्पा कुठे होते? ते एका प्लॅस्टिकच्या अळंबीवर बसले होते. लहान मुलांच्या उंचीची ती अळंबी, त्यांचे गुडघे छातीपाशी आले होते. माझी मुलगी त्यांना चिकटून उभी होती. तिने विचारलं, "आजोबा, झाड मेलं का?"

"केव्हाच," आप्पा म्हणाले.

मी ओरडायची थांबले ती मॅनेजरमुळे नाही, या शब्दामुळे. कारण तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन उन्हाळे हा म्हातारा माणूस टेकड्या पालथ्या घालत होता, परक्यांच्या झाडांवरून हात फिरवत होता, आणि ज्या दिवशी त्याने पहिली बस पकडली त्या दिवशीसुद्धा झाड कापलेलंच होतं. गोणपाटं सुकायच्या आधी कापलं असेल.

परतीच्या बसमध्ये सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचं पुणे बघावंसं वाटत होतं. स्वारगेटला उतरलो. कात्रजच्या बस जिथून सुटतात तिथे आप्पा जरा थांबले. एक बस भरत होती, कंडक्टर हाक मारत होता. आप्पांनी ती जाऊ दिली आणि मग आम्ही रिक्षाने घरी आलो.

त्यानंतर त्यांनी रविवारी बाहेर जाणं बंद केलं. डबा नाही, बाटली नाही. सकाळी उठून वंदना करायचे, पेपर वाचायचे आणि गॅलरीत बसून नव्या रस्त्याकडे बघायचे. पाय सुजायचे थांबले. डॉक्टर म्हणाले, तब्येत छान आहे. मला तो डॉक्टरही नकोसा झाला. त्या ठेकेदाराने खोटं बोलून झाड नेलं, पण त्या खोट्यावर आप्पांचे रविवार तरी चालले होते. आता तेही नेले. मी ऑफिसात सगळ्यांशी खेकसत होते. लेखी निवेदन दिलं होतं. ते समितीपुढे ठेवलं गेलं असेल. समिती चहा प्यायली असेल.

पुष्कळ आठवड्यांनी एका रविवारी मी उठले तर आप्पा चपला पुसत होते. शेजारी डबा आणि पाण्याची बाटली. वाटलं, यांच्या डोक्यातून ते सगळं पुसलं गेलं आणि हे परत झाड शोधायला निघाले. मी कसंबसं म्हटलं, आप्पा, अहो, आपण बघितलं ना ते झाड. ते म्हणाले, बघितलं ना, म्हणूनच चाललोय. आता पत्ता माहीत आहे.

ते संग्रहालयात गेले. दर रविवारी जायला लागले. ज्येष्ठ नागरिकाचं सवलतीचं तिकीट काढायचे, बिबट्या, धबधबा काही न बघता सरळ त्या चकतीपाशी जायचे आणि त्या लाल अळंबीवर बसायचे. कोणाला काही बोलायचे नाहीत. गाइड मुलांना घेऊन आली आणि घोड्यांवर पोचली, की फक्त म्हणायचे, "घोडा नाही. पाळणा." एवढंच. मग एखादं मूल विचारायचं, कोणाचा पाळणा, आणि मग मात्र आप्पा सगळं सांगायचे. रोप, तार, निळा झेंडा, आई चिडली ते. आणि गोणपाटंही. माझी मुलगी कधीकधी त्यांच्याबरोबर जायची आणि ते कुठे विसरले तर आठवण करून द्यायची.

अर्थातच फोन आला. संग्रहालयातून थेट नाही, माणसं फार सभ्य ना. त्यांनी आमच्या कंपनीला कळवलं, कंपनीने एचआरला, आणि एचआरच्या मुलीने मला कॉफी प्यायला बोलावलं. काकांचं वय झालंय, ती म्हणाली, त्यांच्या भावना आम्ही समजू शकतो. पण तिथे येणाऱ्या मुलांचा गोंधळ होतो. घोडे की पाळणा, त्यांना कळत नाही. तू त्यांना जरा घरी समजावशील का? ते फॅमिली प्लेस आहे.

मला ओरडायचं नव्हतं. कॉफी चांगली होती. मी तिला म्हटलं, "त्यांना सांग, आमच्या घरातलं माणूस तुम्ही तिथे ठेवलंय. घरची माणसं भेटायला येणारच. तिकीट काढून येतात, तेवढं लक्षात घ्या."

तिने ते कळवलं की नाही, मला माहीत नाही. त्या रविवारी मीही गेले. आम्ही तिघांनी तिकिटं काढली. आप्पा अळंबीवर बसले, मुलगी त्यांच्या पायाशी जमिनीवर आणि मी शेजारी उभी, भांडायच्या पूर्ण तयारीने. तोंडात वाक्यं तयार होती, चार चांगली आणि दोन वाईट. पाटी तीच होती, प्राचीन पिंपळ, वादळात उन्मळून पडलेला. झेंडे तेच होते.

मुलांचा घोळका घेऊन ती गाइड आली. बिबट्या झाला, धबधबा झाला. आमच्याकडे यायला वळली आणि तिने आप्पांना पाहिलं. मग मला पाहिलं. आणि मुलांना म्हणाली, चला, आधी बटरफ्लाय बघू. सगळी मुलं तिच्यामागे गेली. चकतीपाशी कोणी आलंच नाही.

माझी वाक्यं तशीच राहिली. राग मात्र आणखी वाढला, कारण आता ते आम्हाला खोटंही सांगणार नव्हते, काहीच सांगणार नव्हते. आप्पांनी हात लांब केला आणि कडीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग गुडघ्यांवर जोर देत उठले आणि डब्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"चला," ते म्हणाले. "आज घोडा तरी नाही बांधला."